सुधारणात्मक प्रशिक्षण आणि शिक्षा: लष्करी शिस्तीत सीमारेषा नेमकी कुठे असते?

प्रश्न: एनसीसी शिक्षक, सोलापूर

मी सोलापुरातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो आणि तेथील एनसीसी तुकडी सांभाळतो. आमच्या कॅडेटांपैकी काही मुले अग्निवीर होऊन जातात आणि सुटीवर आली की परेडच्या दिवशी मैदानावर येऊन धाकट्यांना प्रशिक्षण केंद्रातले अनुभव सांगतात. त्या बोलण्यात 'रगडा' (चूक झाली की घाम निघेपर्यंत करून घेतलेले शारीरिक श्रम) हा शब्द इतक्या सहजपणे येतो की ऐकणाऱ्यांना तो ड्रिल आणि वेपन ट्रेनिंगसारखा वेळापत्रकातलाच एक तास वाटावा. मुलांना त्याचे कौतुक वाटते. मला मात्र त्यातून एक प्रश्न पडला आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर पाठ्यपुस्तकांत सापडलेले नाही.

चूक दुरुस्त व्हावी म्हणून दिलेले जादा प्रशिक्षण वेगळे आणि चुकीबद्दल दिलेली शिक्षा वेगळी, असे सर्वच सांगतात. हा फरक ओळखायचा कशावरून? मी तीन प्रसंग मांडतो. एका जवानाची रायफल तपासणीत अस्वच्छ निघाली, म्हणून त्याला पुढील काही संध्याकाळी उस्तादाच्या (प्रशिक्षकाच्या) देखरेखीखाली रायफल खोलून, साफ करून, पुन्हा जोडून दाखवावी लागली. दुसऱ्या प्रसंगात फॉलिनला (रांगेत हजर होण्याच्या वेळेला) दोघे उशिरा आले आणि संपूर्ण प्लाटूनला पाठीवर पिठ्ठू (सामानाची वजनदार पिशवी) घेऊन भर दुपारी मैदानाच्या फेऱ्या माराव्या लागल्या. तिसऱ्या प्रसंगात एका जवानाने हवालदाराला उलट उत्तर दिले आणि त्याचे पुढचे दोन रविवार जादा पहाऱ्यात गेले. पहिला प्रसंग मला प्रशिक्षण वाटतो, तिसरा शिक्षा वाटतो आणि दुसऱ्याविषयी माझे मत रोज बदलते.

तिन्ही ठिकाणी कष्ट आहेत, आणि 'हे तुझ्याच भल्यासाठी आहे' हे वाक्यही तिन्ही ठिकाणी ऐकायला मिळते. त्यामुळे केवळ कष्टावरून किंवा वरिष्ठाने सांगितलेल्या हेतूवरून सीमा ठरत नाही, इतपत मी आलो आहे. कायदा काय म्हणतो आणि बराकीत प्रत्यक्ष काय चालते, हे जाणकारांनी मुद्द्याला धरून लिहावे. 'आमच्या वेळी याहून कडक होते' एवढेच सांगणारी उत्तरे कृपया टाळावीत.

उत्तर १: निवृत्त सुभेदार, विजापूर रस्ता

सर, 'आमच्या वेळी' हे शब्द आपण आधीच बंद केल्यामुळे माझी निम्मी शिदोरी गेली. तरी लिहितो. मी पायदळात होतो आणि काही काळ प्रशिक्षण केंद्रात उस्तादाचे काम केले आहे.

केंद्रात येणारा रंगरूट बहुधा पहिल्यांदाच घर सोडून आलेला असतो. त्याच्या हातून दिवसभर चुका होत राहतात आणि त्या तिथल्या तिथे दुरुस्त कराव्या लागतात. सावधानमध्ये हात हलला तर पुन्हा सावधान, बिस्तरा नीट लागला नाही तर तो विस्कटून पुन्हा लावायचा, कदम चुकला तर तेवढाच कदम पन्नास वेळा. याला सैन्यात कोणी शिक्षा म्हणत नाही आणि म्हणूही नये. प्रत्येक वेळी कागद करत बसलो तर प्रशिक्षणाचा काळ संपेल आणि रंगरूट रंगरूटच राहील.

सैन्यातली शिक्षा ही निराळी गोष्ट आहे. तिथे 'मार्च अप' होते. जवानाची टोपी आणि पट्टा उतरवतात, त्याला अधिकाऱ्यापुढे उभे करतात, आरोप वाचला जातो, साक्षीदार बोलतात. शिक्षा झाली तर ती त्याच्या सेवेच्या कागदांत चढते. जड शिक्षेची नोंद लाल शाईने आणि हलकीची काळ्या शाईने होते. लाल नोंद बढतीच्या वेळी आडवी येते, हे प्रत्येक जवानाला पाठ असते.

बाहेरच्या माणसाला लवकर न कळणारी बाब इथेच आहे. चूक झालेला जवान स्वतःच येऊन म्हणतो, "उस्ताद, हवा तेवढा रगडा द्या, पण मार्च अप करू नका." अर्ध्या तासाच्या घामात प्रकरण मिटते, कागद कोरा राहतो, घरी पैसे कमी जात नाहीत. म्हणून कागदावर न येणारी कारवाई ही पुष्कळदा खरोखरच दया असते, आणि मी ती अनेकांवर केलेली आहे. पण ज्या दाराने दया आत येते त्याच दाराने मनमानीही येते. कागद नाही म्हणजे वर विचारणाराही नाही. ज्या उस्तादाचा स्वतःवर ताबा आहे त्याच्या हाती हा कोरेपणा सुरक्षित असतो; ज्याचा नाही, त्याच्या हाती नसतो. केंद्रात दोन्ही प्रकारचे उस्ताद असतात.

चांगला उस्ताद मी कशावरून ओळखत असे, ते सांगतो. तो सुरुवातीलाच आकडा सांगतो: इतके फ्रंट रोल, इतक्या फेऱ्या, मग थांबायचे. तो राग उतरेपर्यंत चालू ठेवत नाही. सिक रिपोर्टवरून, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरला दाखवून, आलेल्या मुलाला तो बाजूला काढतो. चुकीशी संबंध नसलेले, केवळ हसे करणारे काम तो देत नाही. कोंबडा करून बराकीसमोर बसवल्याने कोणाचा निशाणा सुधारल्याचे मी पाहिलेले नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रसंगाविषयी. सगळ्यांना धावायला लावणे हे मी सरसकट चूक मानत नाही. आघाडीवर एकाने रात्री विडी पेटवली तर गोळी सेक्शनवर, म्हणजे प्लाटूनमधल्या त्याच्या छोट्या तुकडीवर येते, फक्त त्याच्यावर येत नाही. म्हणून सोबत्याला उठवणे, त्याचा पिठ्ठू बांधायला हात देणे, हे सेक्शनचे काम आहे आणि ते शिकवावेच लागते. पण त्यासाठी आधी विचारावे लागते की बाकीच्यांच्या हातात काही होते का. ते दोघे झोपून राहिले आणि शेजारच्याने हाक मारली नाही, तर सेक्शनची चूक आहे. ते दोघे लंगरच्या ड्युटीवरून सुटायलाच उशीर झाला म्हणून मागे राहिले असतील, तर बाकीच्यांनी काय करायला हवे होते? अशा वेळी सर्वांना धावायला लावले की मैदानावरचा हिशेब रात्री बराकीत चुकता होतो. कंबल परेड म्हणतात ती, म्हणजे अंगावर कांबळे टाकून सोबत्यांनीच केलेली मारहाण, अशीच जन्माला येते. ज्या उस्तादाने स्वतः हात उचलला नसता, त्याने आपली काठी न कळत गटाच्या हातात दिलेली असते.

उत्तर २: वकील, सैनिकी सेवाविषयक प्रकरणे

सुभेदार साहेबांनी ज्या कोऱ्या कागदाचा उल्लेख केला, कायद्याच्या दृष्टीने संपूर्ण प्रश्न तिथेच येऊन थांबतो. त्यामुळे आधी कागदावर काय आहे ते पाहू.

सेना अधिनियम, १९५० च्या कलम ८० मध्ये कमांडिंग ऑफिसरने कोर्ट मार्शलशिवाय जवानाला कोणत्या शिक्षा द्याव्यात याची यादी आहे. लष्करी कोठडीत २८ दिवसांपर्यंत कारावास, २८ दिवसांपर्यंत अटकाव (डिटेन्शन), २८ दिवसांपर्यंत लाइनीत, म्हणजे बराकींच्या आवारातच, बंदिस्त ठेवणे, जादा पहारा किंवा जादा ड्युटी, नेमणुकीचे पद काढून घेणे, ताकीद, एका महिन्यात १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड, अशी ती साधारण यादी आहे. कलम ८१ तिला आणखी मर्यादा घालते: कारावास, अटकाव आणि बंदिस्ती या शिक्षा एनसीओला (नाईक, हवालदार अशा हुद्देदाराला) देता येत नाहीत, आणि यांपैकी अनेक शिक्षा एकत्र दिल्या तरी एकूण ४२ दिवसांची सीमा आहे. हे अधिकार कमांडिंग ऑफिसरला आहेत, किंवा केंद्र सरकारच्या संमतीने लष्करप्रमुखांनी निर्दिष्ट केलेल्या अन्य अधिकाऱ्याला आहेत. हवालदार त्यात कुठेही नाही.

शिक्षकांच्या तिसऱ्या प्रसंगाचे उत्तर यातच आहे. जादा पहारा ही कलम ८० मध्ये नावानिशी लिहिलेली शिक्षा आहे. रोस्टरप्रमाणे आलेला पहारा ही सेवा होय. पण उलट उत्तर दिले म्हणून वाढवलेला पहारा, त्याला कोणी 'ट्रेनिंग' म्हटले तरी, कायद्याने ज्या अधिकाऱ्याकडे राखून ठेवला आहे त्याच्याकडूनच यायला हवा. आणि त्याच्याकडून यायचा तर सेना नियम, १९५४ मधील नियम २२ लागू होतो. आरोपाची सुनावणी आरोपीच्या समक्ष झाली पाहिजे, त्याला साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची, स्वतःचे साक्षीदार बोलावण्याची आणि आपले म्हणणे मांडण्याची मोकळीक असली पाहिजे. जवान ज्याला घाबरतो ते मार्च अप म्हणजे त्याला मिळालेली सर्वात मोठी संधीही असते, कारण तिथे आरोप चुकीचा ठरू शकतो. मैदानावर धावताना तो चुकीचा ठरवण्याची सोय नाही.

आता यादीत नसलेल्या गोष्टींचे काय? पिठ्ठू घेऊन फेऱ्या, फ्रंट रोल, कोपरांवर सरपटणे यांपैकी काहीही कलम ८० मध्ये नाही. इथे कलम ८२ महत्त्वाचे ठरते आणि बहुतेक चर्चांत ते सुटून जाते. यादीबाहेरची एखादी शिक्षा सुरू करायची असेल तर ती लष्करप्रमुखांनी केंद्र सरकारच्या संमतीने निर्दिष्ट करावी, असे ते कलम सांगते. ज्या बाबतीत लष्करप्रमुखांनाही सरकारची संमती लागते, त्या बाबतीत प्लाटून हवालदाराला स्वतःच्या कल्पनेतून नवी शिक्षा काढण्याचा अधिकार असेल, हे संभवत नाही. म्हणून अशा शारीरिक कामाला कायद्यात एकच आधार उरतो, तो म्हणजे प्रशिक्षण. ते खरोखर प्रशिक्षण असेल तर हवालदाराच्या अधिकारात आहे. नसेल तर त्याला कोणताच आधार नाही. मारहाण किंवा छळ झाला, तर कलम ४७ प्रमाणे कनिष्ठावर बळ वापरणाऱ्या किंवा त्याला वाईट वागणूक देणाऱ्या वरिष्ठाला कोर्ट मार्शलकडून सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा रणजित ठाकूर प्रकरणातला निकाल या संदर्भात जरूर वाचावा. हा सिग्नलमन (संदेशवहन दलातला जवान) वरिष्ठांकडे परस्पर निवेदन पाठवल्याबद्दल २८ दिवसांची शिक्षा भोगत होता. त्या काळात जेवण्याचा हुकूम दिला असता तो जेवला नाही, म्हणून हुकूम न मानण्याविषयीच्या कलम ४१ खाली त्याच्यावर समरी कोर्ट मार्शल (कमांडिंग ऑफिसरने चालवायचे संक्षिप्त लष्करी न्यायालय) झाले आणि एक वर्षाचा सश्रम कारावास व बडतर्फी अशी शिक्षा झाली. न्यायालयाने ती रद्द केली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याची तक्रार होती तोच न्यायासनावर बसला होता, हे एक कारण. आणि गुन्ह्याच्या मानाने शिक्षा धक्कादायक म्हणावी इतकी अवजड होती, हे दुसरे. शिक्षेचे प्रमाण न्यायालय सहसा ठरवत नाही, पण ते विवेकाला धक्का देण्याइतके विषम असेल तर हस्तक्षेप करते, हे तत्त्व लष्करालाही लागू आहे, असा त्याचा अर्थ.

लाल शाईच्या भीतीविषयी एक भर घालतो. चार लाल नोंदी झाल्या की घरी पाठवतात, असा बराकीत पक्का समज असतो. २०१५ च्या वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ चार नोंदींवरून आपोआप कार्यमुक्त करता येत नाही. लष्कराच्याच सूचनांप्रमाणे आधी प्राथमिक चौकशी हवी आणि जवानाची एकूण सेवा, खडतर ठिकाणच्या नेमणुका यांचा विचार हवा. ही माहिती जवानांपर्यंत नीट पोचली, तर 'मार्च अप नको, रगडा द्या' हा सौदा थोडा कमी होईल असे मला वाटते. दबावाखाली दिलेली ती संमती आहे आणि कायद्यात तिला फारशी किंमत नाही.

तक्रारीचा मार्ग कलम २६ मध्ये आहे. जवान आपल्या कंपनी कमांडरकडे तक्रार करू शकतो, आणि तक्रार त्याच्याच विरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. मात्र तक्रारीत जाणूनबुजून खोटे लिहिले तर कलम ५६ प्रमाणे तोही गुन्हा आहे, हेही तितकेच लक्षात ठेवावे.

उत्तर ३: भरती अकॅडमीतील प्रशिक्षक, होटगी रस्ता

कलमे ठीक आहेत, पण ज्याला साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर पळायचे आहे त्याला कलम ८२ शिकवून उपयोग नाही. आमच्याकडे पालक स्वतः येऊन सांगतात की सर, याला सोडू नका, सैल पडतो. उशिरा येणाऱ्याला आम्ही पुशअप देतो आणि तो दुसऱ्या दिवशी वेळेवर येतो. सैन्यात पुढे हेच होणार असेल, तर आधी सवय झालेली काय वाईट?

उत्तर ४: वकील, सैनिकी सेवाविषयक प्रकरणे

आपल्या अकॅडमीला सेना अधिनियम लागू नाही, त्यामुळे त्यातले अधिकारही आपल्याकडे नाहीत. आपला विद्यार्थी नागरिक आहे आणि त्याला इजा झाली तर भारतीय न्याय संहिता लागू होते. पालकांनी 'सोडू नका' म्हटले होते, हा बचाव तिथे फार टिकणार नाही. सोलापूरकरांना १९३० चा मार्शल लॉ ऐकून माहीत आहे. नागरिकांवर लष्करी हुकूम चालवणे हा तेव्हा अपवाद होता आणि त्याच्या कडू आठवणी या शहराने जपल्या आहेत. खाकी टी-शर्ट घातलेला प्रशिक्षक तो अपवाद स्वतःपुरता पुन्हा सुरू करू शकत नाही.

उत्तर ५: डॉक्टर, सोलापूर

मी कायद्याविषयी बोलणार नाही. शरीराला प्रशिक्षण आणि शिक्षा यांतला फरक कसा कळतो, एवढेच सांगते, कारण तो फरक खरोखर कळतो.

प्रशिक्षणात भार हळूहळू वाढवला जातो, मध्ये विश्रांती असते, पाणी असते, आणि दम लागलेला मुलगा थांबू शकतो. शिक्षेत भार एकदम येतो आणि थांबण्याचा निर्णय धावणाऱ्याच्या हाती नसतो. अनोळखी, अति आणि सलग श्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांवर येते. पोटॅशियम वाढून हृदयाची लयही बिघडू शकते. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणे, मांड्या किंवा दंड दगडासारखे घट्ट होऊन असह्य दुखणे, ही लक्षणे दिसली तर 'दोन दिवसांत अंग मोकळे होईल' असे म्हणून मुलाला खोलीवर पाठवू नये. नुकताच ताप येऊन गेलेला, रात्री न झोपलेला किंवा सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असलेला मुलगा या बाबतीत अधिक धोक्यात असतो, आणि तो रांगेत इतरांसारखाच दिसतो.

दुसरा धोका उष्माघाताचा आहे, आणि तो सोलापुरात कोणाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४० अंशांच्या वर जातो. शिक्षकांच्या दुसऱ्या प्रसंगातले 'भर दुपारी' हे शब्द माझ्या दृष्टीने 'पिठ्ठू' या शब्दाहून गंभीर आहेत. शरीराचे आतले तापमान ४० अंशांपुढे जाऊन मुलगा असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा कोसळला, तर आधी त्याला सावलीत घेऊन भरपूर पाण्याने थंड करायचे आणि मग रुग्णालयाकडे न्यायचे; हा क्रम उलटा केला की वेळ हातची जाते. अशा मुलाला 'नाटक करतोस' असे म्हटले जाते, कारण शिक्षा देणाऱ्याची अपेक्षाच तो टाळाटाळ करील अशी असते. हाच शिक्षेचा सर्वात घातक भाग आहे. प्रशिक्षक लक्षण शोधतो, शिक्षा देणारा सबब शोधतो.

दक्षिण कोरियात मे २०२४ मध्ये नेमके असेच घडले. रात्री झोपेच्या वेळी गप्पा मारल्या म्हणून सहा प्रशिक्षणार्थींना 'शिस्त प्रशिक्षणा'च्या नावाखाली पूर्ण सामान पाठीवर घेऊन धावायला आणि पुशअप काढायला लावले. तिथल्या नियमांप्रमाणे पूर्ण सामानासह फक्त चालायला लावता येते. त्यांतला एक जण २३ तारखेला कोसळला आणि दोन दिवसांनी मरण पावला. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यांना पुढे कारावासाची शिक्षा झाली. नियम होता, त्याला प्रशिक्षण असे नावही होते. मैदानावर मात्र त्या प्रशिक्षणाची शिक्षा बनली होती.

उत्तर ६: संरक्षणशास्त्राचा विद्यार्थी

डॉक्टरांनी कोरियाचा दाखला दिला, म्हणून अमेरिकी लष्कराच्या नियमाविषयी लिहितो, कारण शिक्षकांनी विचारलेली सीमारेषा तिथे लेखी आहे. त्यांच्या सैन्य-नेतृत्वविषयक नियमावलीत, म्हणजे आर्मी रेग्युलेशन ६००-२० मध्ये, जादा प्रशिक्षणाबद्दल असे म्हटले आहे की ते दिसून आलेल्या कमतरतेशी थेट संबंधित असावे, ती कमतरता दूर करण्यासाठीच असावे आणि ती दूर होताच थांबावे. त्यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो: शिक्षा देताना पाळावी लागणारी प्रक्रिया चुकवण्यासाठी प्रशिक्षणाचा जुलमी वापर होऊ नये, याची काळजी सर्व पातळ्यांवर घ्यावी, आणि प्रशिक्षणाने दुरुस्त झालेल्या उणिवेची अधिकृत नोंद करू नये. म्हणजे सुभेदार साहेब ज्याला दया म्हणतात ती तिथे नियमातच आहे, पण तिला अट जोडलेली आहे. त्यांच्या नौदलात अशी जादा शिकवणी साधारणपणे दिवसाला दोन तासांपलीकडे नेत नाहीत.

हे शहाणपण फुकट आलेले नाही. ८ एप्रिल १९५६ च्या रात्री अमेरिकी मरीन कोअरच्या पॅरिस आयलंड केंद्रातल्या एका ड्रिल प्रशिक्षकाने, प्लाटूनला शिस्त नाही म्हणून, तिला रिबन क्रीक नावाच्या खाडीच्या चिखलात उतरवले. सहा रिक्रूट बुडाले. कोर्ट मार्शलने त्याला मनुष्यवधातून मुक्त केले आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी धरले. त्याला कोणाला मारायचे नव्हते, शिस्त शिकवायची होती. आणि म्हणूनच 'हेतू चांगला होता' ही कसोटी मला अपुरी वाटते.

आपल्याकडचा इतिहासही सरळ रेषेत गेलेला नाही. गव्हर्नर जनरल बेंटिंकने १८३५ मध्ये देशी फौजेतली फटक्यांची शिक्षा बंद केली, त्याच पदावर नंतर आलेल्या हार्डिंजने १८४५ मध्ये ती पुन्हा आणली. ब्रिटिश सैन्यात ती १८८१ मध्ये संपली. फटके कायद्याने द्यावे लागत होते तोवर त्यांची मोजदाद होत असे. मोजदाद नसलेला त्रास आपण नंतर मैदानावर आणला का, हा विचार मला नेहमी सतावतो. अर्थात हे माझे मत आहे, संशोधनाचा निष्कर्ष नव्हे.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर: एनसीसी शिक्षक, सोलापूर

सर्वांचा आभारी आहे. दुसऱ्या प्रसंगाविषयीचे माझे मत आता रोज बदलणार नाही. चूक वेळ पाळण्याची होती आणि काम पाठीवर वजन घेऊन धावण्याचे दिले गेले. त्या दोहोंचा संबंध नाही. वेळेवर हजर होण्याचा सराव द्यायचा, तर त्याच सेक्शनला दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे आधी फॉलिन देता आला असता आणि सुभेदार साहेब सांगतात तशी सोबत्याला उठवण्याची जबाबदारी जोडीजोडीने वाटता आली असती. तिसऱ्या प्रसंगाबाबत मात्र मी वकीलसाहेबांच्या उत्तराने थोडा चकित झालो. मी ती शिक्षा आहे एवढेच म्हणत होतो. ती देणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पहिला प्रसंग मी प्रशिक्षणच मानतो, पण त्यालाही एक अट लावतो: रायफल दोन संध्याकाळी नीट साफ झाली, तर तिसरी संध्याकाळ नको.

माझ्यापुढे आता कॅडेटांचा प्रश्न उरतो. एनसीसी कॅडेट सेना अधिनियमाखाली येत नाही, तो माझा विद्यार्थी आहे. २०२३ मध्ये ठाण्यातल्या एका महाविद्यालयात वरिष्ठ कॅडेट पावसाच्या पाण्यात धाकट्यांना ओणवे करून काठीने मारत असल्याची चित्रफीत सर्वांनी पाहिली. तिथे ना उस्ताद होता, ना अधिकारी. होता तो फक्त वरिष्ठ असल्याचा हक्क. म्हणून शिबिराआधी मी काढणार असलेल्या सूचनेत लिहीन म्हणतो, की दुरुस्तीचे जादा ड्रिल फक्त पीआय स्टाफने (लष्करातून एनसीसीत नेमलेल्या प्रशिक्षकांनी) द्यावे, ते चुकीशी संबंधित असावे, आकडा आधी सांगावा, आणि मार्चपासून सकाळी दहानंतर मैदानावर कोणतेही जादा श्रम नकोत. वरिष्ठ कॅडेटांनी धाकट्यांना काहीही जादा करायला लावू नये.

उत्तर ७: निवृत्त सुभेदार, विजापूर रस्ता

सर, बाकी सर्व मान्य, शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. अंडर ऑफिसरच्या, म्हणजे सर्वात वरिष्ठ कॅडेटाच्या, खांद्यावर पट्टी लावायची आणि त्याला चुकलेला कदम पुन्हा करून घेण्याचाही अधिकार द्यायचा नाही, तर तो नेतृत्व शिकणार कुठे? मुलगा उद्या एनसीओ होईल तेव्हा त्याला एकदम अधिकार मिळेल आणि तो कसा वापरायचा हे ठाऊक नसेल. ड्रिलमधली चूक त्याच ड्रिलने दुरुस्त करून घेण्याची मुभा त्याला द्या. पुशअप, फेऱ्या, सरपटणे यांची देऊ नका. आणि हे पीआय स्टाफच्या नजरेसमोर होऊ द्या, वसतिगृहात किंवा मैदानाच्या मागच्या बाजूला नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर: एनसीसी शिक्षक, सोलापूर

हे पटले. ते वाक्य बदलून 'वरिष्ठ कॅडेटाने चुकलेले ड्रिल तेवढेच पुन्हा करून घ्यावे, पीआय स्टाफ हजर असतानाच, आणि जास्तीत जास्त दहा वेळा' असे लिहितो. डॉक्टरांना विनंती, की शिबिराच्या पहिल्या दिवशी सोयीची वेळ काढून उष्माघाताच्या लक्षणांविषयी मुलांशी आणि विशेषतः स्टाफशी अर्धा तास बोलावे. पाण्याचे पिंप आणि बर्फ मैदानाच्या कडेला ठेवण्याची व्यवस्था मी करतो.